बी पेशी जाग्या होत नाहीत? आधी अँटीबॉडीची बाटली बघ

प्रयोगात बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जाग्या, म्हणजे सक्रिय, होत नसतील तर त्यांना दोष देण्याआधी सांग, पूर्ण अँटी-आयजीएम, म्हणजे बी पेशीवरच्या आयजीएम रिसेप्टरला धरणारी अखंड अँटीबॉडी, वापरलीस का? सशाची? मग गोम तिथेच असणार. तिचे दोन हात बी पेशीवरचे रिसेप्टर एकत्र ओढतात, हे खरं. पण तिची शेपटी, म्हणजे एफसी भाग, त्याच पेशीवरच्या एफसी-गॅमा-आर-टू-बीला धरते, आणि तो रिसेप्टर आतला संदेश दाबतो. एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर!

म्हणून शेपटी कापलेला, दोन्ही हात शाबूत असलेला एफएबी-टू तुकडा माग. एकहाती एफएबी नको. तो रिसेप्टर नुसता झाकतो, जोडत नाही. जोडणी झाली नाही तर लिन आणि सिक ही किनेजेस (संदेश आत पुढे नेणारी एन्झाइम्स) नीट पेटत नाहीत. ही युक्ती जुनीच आहे: १९६५ मध्ये सेल आणि गेल या संशोधकांनी सशाच्या लिम्फोसाइटवर (बी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या रक्तपेशींवर) त्यांच्याच इम्युनोग्लोब्युलिनविरुद्धचा, म्हणजे अँटीबॉडीविरुद्धचा, सीरम घालून त्या वाढीला लागतात हे दाखवलं होतं.

बाटलीच्या लेबलवर अझाइड (टिकाऊपणासाठी घातलेलं, पण पेशींना विषारी रसायन) लिहिलंय का तेही बघ. मी एकदा न बघता तशी अँटीबॉडी घातली आणि सकाळी प्लेटभर मढी.

बी पेशी वेगळ्या करताना बाकीच्यांना काढून टाकायची पद्धत घे, म्हणजे बी पेशींना हात लागत नाही. पेशी जागी होताना तिच्या आत वाढणारं कॅल्शियम मोजणार असशील तर उडी मिनिटा-दोन मिनिटांत दिसते. शेवटी आयनोमायसिन (रिसेप्टरशिवायच पेशीतलं कॅल्शियम वाढवणारं रसायन) घालायला विसरू नकोस, म्हणजे मोजणी नीट चालते आहे हे कळतं. सीडी-६९, म्हणजे पेशी जागी झाल्याची पृष्ठभागावरची खूण, रात्रभरात चढतो. पुढे पेशी जगवायच्या असतील तर आयएल-४ (पेशींना संदेश देणारं प्रथिन) आणि सीडी-४० (बी पेशीवरचा आणखी एक रिसेप्टर) चेतवणाऱ्या घटकाचा आधार द्यावा लागेल.