डोक्यात गाठ नाही, मग डोक्याला शेक कशाला?

फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरचे उपचार संपत आले की जवळपास प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो. केमो झाली, छातीचा शेक म्हणजे रेडिएशन झालं, गाठ आक्रसली, मेंदूचा एमआरआयही स्वच्छ आला. घरात जरा हायसं वाटतंय, तोच डॉक्टर म्हणतात, आता डोक्याला दहा वेळा रेडिएशन घेऊ.

सोलापुरातल्याच एका कुटुंबाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. काका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, वय साठीच्या आतलं. चादरीचे माग दुरुस्त करण्यात हयात गेली, विडी तरुणपणापासूनची. आजार छातीच्या एकाच बाजूपुरता होता. थोरला मुलगा त्यांना बाहेर बाकावर बसवून एकटाच आत आला. "मॅडम, डोक्यात काय न्हाई म्हणलेत की. मग शेक कशापायी? माणूस येडा झाला तर?" गल्लीतल्या कुणाला तरी डोक्याचा शेक दिला आणि महिन्याभरात तो घरच्यांना ओळखेना, असं त्याच्या कानावर आलं होतं.

मी आधी त्या गल्लीतल्या माणसाचीच चौकशी केली. त्याच्या मेंदूत गाठी आधीपासून होत्या, हे बोलता बोलता मुलाच्याच तोंडून निघालं. तिथे भ्रम व्हायला मेंदूतला आजारच पुरेसा असतो. काकांचा शेक वेगळा: गाठ दिसण्याआधीचा, प्रतिबंधक, एकूण २५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजायचं माप), १० हप्त्यांत.

तो द्यायचा कारण हा कॅन्सर फार लवकर पसरतो आणि मेंदू त्याची आवडती जागा आहे. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर शरीराचाच कडक पहारा असतो. केमोची औषधं तिथे पुरेशी पोचत नाहीत, त्यामुळे एमआरआयला न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. उपचारांनी आजार दिसेनासा झालेल्या ९८७ रुग्णांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत मेंदूत आजार दिसण्याचं प्रमाण शेक न घेतलेल्यांत सुमारे ५९ टक्के होतं, घेतलेल्यांत ३३. तीन वर्षं जगणारे १५ टक्क्यांवरून जवळपास २१ टक्क्यांवर गेले.

पण हे आकडे एमआरआय सर्रास होत नव्हता त्या काळातले आहेत, हेही मी सांगते. २०१७ मध्ये जपानमधून वेगळं चित्र पुढे आलं. छातीबाहेर पसरलेल्या आजाराच्या रुग्णांत, आधी एमआरआय करून आणि पुढेही ठरावीक काळाने करत राहून पाहिलं, तर शेकाने आयुष्य वाढलं नाही. मेंदूतला आजार मात्र कमी झाला. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर दोन वाटा समोर ठेवतात: आत्ताच शेक, नाहीतर दर तीन महिन्यांनी एमआरआय आणि काही दिसलं तरच उपचार. काकांसारख्या मर्यादित आजारात शेकाची बाजू अजूनही जड आहे.

एवढं झाल्यावर मी मुलाला म्हटलं, काकांना आत बोलवा. डोकं त्यांचं आहे, निर्णय बाकावर बसून कळू नये. माझा हा आग्रह दर वेळी असतो.

काका आले, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मागाच्या आवाजावरनं मला कळतंय कुठं बिघडलंय. ते जाईल का?"

"काही होत नाही हो" असं उत्तर या प्रश्नाला देऊ नये. थकवा येतो, केस जातात, काही आठवडे झोप फार येते. हे बहुतेकांचं ओसरतं. विसराळूपणा मात्र काहींना राहतो: नवं नाव, आत्ता ठेवलेली वस्तू, हातातलं काम सोडून दुसरीकडे गेल्यावर पहिलं. साठीनंतर आणि जास्त डोस दिल्यास हा धोका वाढतो. वर्षानुवर्षं हातात मुरलेलं कसब सहसा पहिलं जात नाही, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. मेंदूतला आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग वाचवून शेक देण्याची पद्धत आहे. स्पेनच्या चाचणीत तिचा फायदा दिसला, नेदरलँड्सच्या चाचणीत दिसला नाही. मेमँटिन नावाची गोळीही काही ठिकाणी देतात. या दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा, असं मी कागदावर लिहून दिलं.

मास्कची भीती काकूंना होती. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची चादर चेहऱ्यावर बसवतात, ती काही मिनिटांत घट्ट होते. श्वास घेता येतो. शेकाच्या खोलीत एकट्याने काही मिनिटं पडून राहायचं, दुखत नाही.

एमआरआयच्या वाटेवर काका अडले ते खाड्यापाशी. दर तीन महिन्यांनी खाडा, पैसे, सोबत कोण येणार? तारीख चुकली तर त्या वाटेचा उपयोगच राहत नाही, हे त्यांनी स्वतःच ओळखलं आणि शेक घ्यायचं ठरवलं. ज्यांना तारखा पाळणं जमतं आणि स्मृतीची धास्ती जास्त आहे, त्यांनी दुसरी वाट धरली तर मी त्यांनाही तितक्याच मनापासून साथ देते.

शेक झाला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एमआरआय करायचाच. विडी बंद. आणि सकाळी डोकं दुखून उलटी, फिट, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मी काका आणि मुलगा दोघांकडूनही म्हणवून घेतलं.