वाचकांचे प्रश्न : खोलीच्या भाड्याला जामीन राहताना

प्रश्न : माझ्या मुलीला इंग्लंडमधील एका विद्यापीठात एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे. तिने आणखी तीन मुलींबरोबर एक घर पाहून ठेवले असून चौघींचे मिळून भाडे महिना २००० पौंड आहे. ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार द्या, नाहीतर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरा, असे एजंटने कळवले आहे. माझे यजमान एस.टी.तून निवृत्त झाले आहेत आणि आमची हापूसची बाग आहे, पण पेन्शनची व बागेची कागदपत्रे चालणार नाहीत असे उत्तर आले. माझे चुलत दीर लंडनजवळ राहतात. त्यांना गळ घालावी का? त्यांच्यावर नेमकी कोणती जबाबदारी येईल?
– एक आई, रत्नागिरी तालुका

उत्तर : ताई, दिरांना फोन करण्याआधी एजंटकडून हमीपत्राचा मसुदा मागवून घ्या. तो वाचल्याशिवाय तुम्ही त्यांच्याकडे काय मागत आहात हे तुम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही कळणार नाही. आपल्याकडे ‘जरा सही करा, ओळखीसाठी लागते’ असे म्हणून कागद पुढे केला जातो. हमीदार मात्र ओळख सांगणारा साक्षीदार नसतो. भाडेकरूने भाडे थकवले किंवा घराचे नुकसान केले, तर ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरण्याचे वचन तो देत असतो.

तुमची कागदपत्रे नाकारली गेली याचे वाईट वाटून घेऊ नका. भाडे थकले तर वसुली कोठून करायची, एवढेच घरमालक पाहतो. इंग्लंडमधील न्यायालयाचा निकाल घेऊन रत्नागिरीत वसुलीला येणे त्याला वेळेच्या आणि खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही, त्यामुळे बाग एका एकराची असो वा दहा एकरांची, त्याच्या लेखी फरक पडत नाही. त्याला त्याच देशात पगार किंवा घर असलेला माणूस हवा असतो. हमीदाराचे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या तीस पट किंवा त्याहून अधिक असावे अशी अट सहसा घातली जाते, आणि त्यासाठी पगाराच्या पावत्या व जुन्या कर्जफेडीचा तपशील पाहिला जातो. ही तपासणी करण्याची फी मात्र, २०१९च्या भाडेकरू शुल्क कायद्यानुसार, इंग्लंडमध्ये भाडेकरूकडून किंवा हमीदाराकडून घेता येत नाही. एजंटने ती मागितली तर मुलीने लेखी नकार द्यावा.

आता खरी काळजीची गोष्ट. चौघी मिळून एकच करार करणार असतील, तर त्यात बहुधा ‘संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारी’चे कलम असेल. त्याचा अर्थ असा की संपूर्ण २००० पौंडांना चौघींपैकी प्रत्येक जण बांधील असते. समजा, चौघींपैकी एक मुलगी मध्येच अभ्यासक्रम सोडून गेली आणि तिच्या वाट्याचे ५०० पौंड तीन महिने भरलेच गेले नाहीत, तर ते १५०० पौंड तुमच्या मुलीकडे मागता येतात, आणि हमीपत्रात मर्यादा नसेल तर तुमच्या दिरांकडेही. त्या मुलीला तुमच्या दिरांनी कधी पाहिलेलेही नसेल. म्हणून हमीपत्रात एक वाक्य घालून घेण्याचा आग्रह धरा : हमी फक्त तुमच्या मुलीच्या वाट्याच्या भाड्यापुरती आणि तिने स्वतः केलेल्या नुकसानीपुरती राहील, आणि हमीची एकूण कमाल रक्कम अमुक पौंड असेल. असे वाक्य घालायला अनेक घरमालक तयार होतात, पण मागितल्याशिवाय ते स्वतःहून कोणी घालत नाही. एजंट ऐकतच नसेल तर जिथे प्रत्येक खोलीचा वेगळा करार होतो असे घर पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मग भाडे थोडे जास्त का पडेना.

तिथल्या कायद्यातील एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. १६७७ सालच्या, आजही लागू असलेल्या एका कायद्यामुळे इंग्लंडमध्ये हमी लेखी आणि सही केलेली नसेल तर ती न्यायालयात बजावता येत नाही. त्यामुळे दिरांनी फोनवर ‘हो, मी आहे ना’ म्हटल्याने ते अडकत नाहीत. अडकवतो तो कागद, आणि पुष्कळदा तो साक्षीदारासमोर सही करण्याचा दस्तऐवज असतो. म्हणून त्यांना मसुदा वाचायला किमान आठवडाभर द्या.

सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्याची मागणीही तपासून पाहा. इंग्लंडच्या नव्या भाडेकरू हक्क कायद्यानुसार १ मे २०२६ पासून खासगी घरमालकाला भाडेकराराच्या सुरुवातीला एका महिन्यापेक्षा जास्त भाडे आगाऊ मागता किंवा घेता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षभराचे भाडे एकदम भरायला लावण्याची जुनी पद्धत अशा घरांपुरती संपली आहे. मात्र सरकारमान्य आचारसंहितेखाली चालणारी, खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेली मोठी वसतिगृहे या नियमाबाहेर आहेत. तेथे आगाऊ हप्ते भरून हमीदाराची अट टाळण्याचा मार्ग अजूनही असू शकतो. पैसे जवळ असतील आणि नातेवाइकांना भिडेत पाडायचे नसेल, तर तो मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. स्कॉटलंड व वेल्सचे नियम वेगळे आहेत, हे कोणी ओळखीच्या विद्यार्थ्याचा अनुभव सांगितला तर लक्षात ठेवा.

अनामत रकमेलाही मर्यादा आहे. वर्षाचे एकूण भाडे ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, आणि नेहमीच्या भाडेकरारात ती तीस दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत सुरक्षित करावी लागते.

दिरांना गळ घालण्याआधी आणखी दोन ठिकाणी विचारा. पहिले ठिकाण म्हणजे मुलीच्या विद्यापीठाचे निवास कार्यालय. स्वतःच्या वसतिगृहासाठी अनेक विद्यापीठे हमीदार मागतच नाहीत, आणि काही विद्यापीठे बाहेरच्या घरासाठी आपल्या विद्यार्थ्यांची हमी स्वतः घेतात. दुसरा पर्याय म्हणजे फी घेऊन हमी देणाऱ्या कंपन्या. ती फी परत मिळत नाही, आणि कंपनीने घरमालकाला भरलेली रक्कम ती नंतर विद्यार्थ्याकडून वसूल करते, म्हणून हा पर्याय मी शेवटी ठेवीन. अमुकच कंपनीची हमी घ्या अशी सक्ती एजंटला करता येत नाही.

एवढे करूनही दिरांना विचारावे लागले, तर गणपतीला सगळे जमलेले असताना, चार माणसांसमोर विचारू नका. तिथे त्यांना नाही म्हणता येणार नाही. मसुदा, मुलीच्या वाट्याचे भाडे, ती तिथे कधीपासून कधीपर्यंत राहणार, आणि भाडे थकले तर तुम्ही घरून किती दिवसांत पैसे पाठवाल, हे सगळे एका पत्रात लिहून पाठवा. त्यांना विचार करायला मोकळीक मिळेल आणि नकार दिला तरी नाते टिकेल.

प्रश्न : शेजाऱ्याचा मुलगा रत्नागिरीत शिकतो. त्याच्या खोलीच्या करारावर ‘जामीनदार’ म्हणून मी सही करावी असे घरमालक म्हणतो. मी निवृत्त शिक्षक आहे. पूर्वी एका ओळखीच्या माणसाच्या कर्जाला जामीन राहून दोन वर्षे हप्ते भरले आहेत, म्हणून मन कचरते. भाड्याच्या जामिनातही तसेच होते का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : गुरुजी, कायदा तोच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते, म्हणजे घरमालकाने आधी मुलाकडून वसुलीचा प्रयत्न केलाच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. इंग्लंडप्रमाणे आपल्याकडे लेखी कागदाचीही सक्ती नाही. कलम १२६ प्रमाणे हमी तोंडीही असू शकते. त्यामुळे ओटीवर बसून ‘पोराचे भाडे माझ्याकडे लागले’ असे सहज म्हणतानाही जपावे.

कलम १२८ मध्येच ‘करारात अन्यथा नमूद नसेल तर’ असे शब्द आहेत आणि तुमची सोय तिथेच आहे. करारात लिहून घ्या की जामीन जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्यापुरता आहे, वीजबिल व मोडतोड त्यात नाही, करार अकरा महिन्यांनी संपला की जामीनही संपेल आणि नूतनीकरणाला तुमची नवी सही लागेल. कलम १३३ नुसार तुमच्या संमतीशिवाय करार बदलला, उदाहरणार्थ भाडे वाढवले, तर त्यानंतरच्या व्यवहारातून तुम्ही मोकळे होता. पैसे भरावेच लागले तर कलम १४५ प्रमाणे ते मुलाकडून परत मागण्याचा हक्क तुम्हाला असतो, म्हणून भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. हा हक्क वडिलांवर आपोआप लागू होत नाही. त्यांच्याकडून वेगळे लेखी हमीपत्र घेतलेत तर बरे.

मुलगा अठरा वर्षे पूर्ण झालेला आहे ना, हेही पाहा. अज्ञान मुलाने केलेला करार टिकत नाही, आणि त्या वयाच्या मुलासाठी वडिलांनीच स्वतःच्या नावाने करार करावा. किंबहुना, वडील मिळवते असतील तर मुलाचे वय काहीही असले तरी जामीनदार त्यांनीच व्हावे असे मी घरमालकाला सुचवीन.

शेवटी नोंदणीबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या स्टॅम्प पेपरवर टंकलेला, नोंदणी न केलेला मसुदा पुढे आला तर ‘नोंदणी करणार असाल तरच सही करतो’ एवढेच सांगा, आणि सही करताना प्रत्येक पान वाचून सर्व पानांची एक प्रत घरी घेऊन या.