क्रेन आधी पक्षी की मशीन?

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीसमोर बांधकाम सुरू आहे, तिथली क्रेन बघून मुलगी म्हणाली की पुस्तकात तर क्रेन म्हणजे पक्षी आहे. मग मूळ अर्थ कुठला?

उत्तर: पक्षीच मूळचा. जुन्या इंग्रजीत 'क्रान' म्हणजे करकोचा, सारस या जातीचा लांब मानेचा पक्षी, आणि वजन उचलायचं यंत्र त्या मानेसारखं दिसतं म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. हे एकट्या इंग्रजांना सुचलं असं नाही हं, ग्रीकमध्ये 'गेरानोस' म्हणजे पक्षीपण आणि यंत्रपण, फ्रेंचमध्ये 'ग्र्यू'चंही तसंच. मान उंच करून डोकावण्यालाही इंग्रजीत क्रेन करणं म्हणतात.

मला सगळ्यात आवडतो तो 'पेडिग्री' शब्द. आपण कुत्रा घेताना पेडिग्री विचारतो ना, तो जुन्या फ्रेंच 'पिए द ग्र्यू'वरून आला, म्हणजे क्रेनचा पाय! वंशावळीत बापाकडून मुलांकडे जाणाऱ्या रेघा फाटतात त्या पक्ष्याच्या पसरलेल्या बोटांसारख्या दिसायच्या, कागदावर एक उभी रेघ काढून खाली तीन फाटे काढा म्हणजे मुलीला लगेच दिसेल. जिरेनियमचं फूलही याच 'गेरानोस'वरून, कारण त्याची बी धरलेली शेंग चोचीसारखी टोकदार असते.

आणि खरी क्रेन बघायची तर तिला गोंदियाला न्या, तिथल्या भातशेतीत सारस आहेत, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, जवळजवळ माणसाएवढा. आता थोडेच उरलेत, म्हणून लांबूनच बघा, घरट्याजवळ जाऊ नका.