डिपॉझिटमधून साफसफाईचे पैसे कापले? आधी बिल मागा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके, अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार, डिपॉझिट 60,000. बदली झाली म्हणून पुण्याला गेलात, चावी दिलीत. काही दिवसांनी मालकांनी 36,500 पाठवले आणि व्हॉट्सॲपवर कळवलं की डीप क्लीनिंग 8,500, रंग 12,000, चिमणी आणि ट्रॉली 3,000, असे 23,500 कापलेत. बिल नाही, फोटो नाही. घर झाडून-पुसून दिलं होतं, मग हे कसले पैसे, आणि मालक काका वयाने मोठे, त्यांना विचारायचं कसं?

मी नाशकात बरीच वर्षं भाड्याने राहिलोय आणि आता इंदिरानगरला माझाच एक फ्लॅट भाड्याने देतो. त्यामुळे मालक काय विचार करतो तेही सांगू शकतो.

पहिलं म्हणजे 'घर स्वच्छ होतं' हा वाद सोडून द्या. तुम्ही स्वच्छ म्हणणार, ते घाण म्हणणार, चार फोन होणार आणि शेवटी पैसे त्यांच्याच खिशात राहणार. डिपॉझिट ही तुमची रक्कम आहे, त्यांच्याकडे ठेवलेली. त्यातून काही कापायचं तर कशासाठी, किती आणि तो खर्च खरंच झाला का, हे त्यांनी दाखवायचं असतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 झालेल्या नुकसानाची भरपाई देतं. अंदाजे आकडा टाकून कापण्याची सोय त्यात नाही.

आता करार काढा. लिव्ह अँड लायसन्सच्या नेहमीच्या मसुद्यात एक कलम बहुतेक असतंच: भाडेकरूने जागा आहे त्या स्थितीत ठेवायची, नुकसान केलं तर भरून द्यायचं, पण नैसर्गिक झीज वगळून. हे शेवटचे तीन शब्द तुमच्या कामाचे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही कलम 108 मध्ये भाडेपट्ट्यासाठी वाजवी झीज वगळलेली आहे. लिव्ह अँड लायसन्स हा तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नसतो, फक्त जागा वापरायची परवानगी असते, म्हणून तुम्ही बोट ठेवायचं ते करारातल्या कलमावर. करारात 'सोडताना रंगासाठी अमुक रक्कम कापली जाईल' असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि तुमची सही असेल, तर मात्र रंगाचे पैसे सुटणं अवघड आहे. तिथे फार तर घासाघीस होईल. तेव्हा ते आधी तपासा, मगच पुढचं वाचा.

असं कलम नाही असं धरून बोलतो.

रंगाचे 12,000 हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. जवळजवळ पावणेतीन वर्षं राहिलात. भिंती मळतात, स्विचबोर्डभोवती काळं होतं, सोफ्याच्या पाठीची रेघ उमटते. ही झीज. नवीन भाडेकरू येण्याआधी बहुतेक मालक रंग काढतातच, मीही काढतो, तो माझा धंद्याचा खर्च. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या यादीत टाकलाय. नळाचे वॉशर, गटार साफ करणं, स्विच-सॉकेट, किचनच्या फिटिंगची दुरुस्ती ही भाडेकरूची कामं. महाराष्ट्रात आपला 1999 चा भाडे नियंत्रण कायदाच चालतो, त्यामुळे ते परिशिष्ट इथे बंधनकारक नाही. पण 'रीत काय' असं विचारलं तर दाखवायला चांगलं आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येऊन आतून पोपडे पडले असतील तर तो विषयच मालकाचा किंवा सोसायटीचा.

तुम्ही लिहिलंय की हॉलच्या एका भिंतीवर लेकाने खडूने चित्रं काढली होती. ते प्रामाणिकपणे मान्य करा. पण एका भिंतीचं. तेही रंग आधीच किती जुना होता ते बघून. तुम्ही राहायला आलात तेव्हाच रंगाला दोन वर्षं झाली असतील तर अख्ख्या घराच्या नव्या रंगाचे पैसे तुमच्याकडून कसे? हा प्रश्न मालकांना विचारा आणि उत्तराची वाट बघा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

साफसफाईत मात्र दोन्ही बाजूंनी चुका होतात. भाडेकरूच्या मनात घर झाडून-पुसून दिलं म्हणजे झालं. मालक आल्या आल्या चिमणीची जाळी काढतो आणि तेलाची वाटी बघतो. तिथे घट्ट पिवळं, मधासारखं ओघळलेलं तेल असलं की त्याचं मत तिथेच ठरतं. मग सिंकखालची ट्रॉली ओढतो, एक्झॉस्टच्या पात्या बघतो, कमोडच्या मागे वाकतो. माझ्याकडचा एक भाडेकरू घर आरशासारखं करून गेला होता आणि चिमणीला हात लावला नव्हता. सहा महिने तळण झालेल्या घराची चिमणी रॉकेल आणि कपडे धुण्याच्या सोड्याने निघते, पण अर्धा दिवस जातो. तेव्हा तुमच्या चिमणीचे पैसे, बिल दाखवलं तर, द्या. 3,000 मला जास्त वाटतात, ट्रॉलीचं नेमकं काय केलं ते विचारा. बिजागरी बदलली असेल तर ती झीज आहे, साफसफाई नाही.

डीप क्लीनिंगच्या 8,500 वर त्यांनी 'बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे डाग' असं लिहिलंय. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी असलं तर फारसा त्रास नसतो, पण बोअरचं किंवा टँकरचं पाणी ज्या सोसायटीत येतं तिथे नळावर, शॉवरवर, टाइल्सवर क्षार साठतातच. तुमच्या सोसायटीत बोअर आहे असं तुम्हीच लिहिलंय. तो डाग पाण्याचा, भाडेकरूचा नाही. आणि एजन्सीच्या पोरांनी ॲसिड मारून टाइल्सची चकाकी घालवली असेल तर तोही खर्च तुमच्या नावावर चढलाय का, बघा.

आता पत्र. फोनवर बोलू नका. फोनवर काकांचा आवाज चढतो, तुम्ही गप्प बसता, आणि मागे काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर एकच मजकूर टाका, साधारण असा:

"काका, नमस्कार. 60,000 पैकी 36,500 मिळाले, आभारी आहे. उरलेल्या 23,500 बाबत कृपया प्रत्येक कामाचं बिल, काम झाल्याची तारीख, पैसे दिल्याचा पुरावा आणि आधीचे-नंतरचे फोटो पाठवावेत. हॉलच्या एका भिंतीचा आणि चिमणी साफ करण्याचा वाजवी खर्च मी मान्य करते. बाकी रंग आणि टाइल्सवरचे डाग ही करारातल्या कलमाप्रमाणे नैसर्गिक झीज आहे. 15 दिवसांत हिशेब किंवा उरलेली रक्कम मिळावी ही विनंती."

यात आवाज चढलेला नाही, धमकी नाही आणि स्वतःहून दोन गोष्टी मान्य केल्यात. ते दोन मान्य करणंच पुढे उपयोगी पडतं. सगळंच नाकारणारा भाडेकरू तिसऱ्या माणसाला खोटा वाटतो.

बिल आलं तर नीट बघा. फ्लॅट नंबर तुमचाच आहे का, तारीख तुम्ही चावी दिल्यानंतरची आहे का, एजन्सीला पैसे यूपीआयने गेले का. कोऱ्या लेटरहेडवर 'साफसफाई 8,500' एवढंच लिहिलेलं असेल तर ते बिल नव्हे. नवीन भाडेकरू कधी आला हे वॉचमनला किंवा शेजारच्या वहिनींना विचारा. रंगानंतर आठवड्यात नवं कुटुंब राहायला आलं असेल तर रंग कोणासाठी काढला हे उघड आहे.

राहायला येताना आणि सोडताना काढलेले फोटो असतील तर मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली तारखेची माहिती गळून जाते, म्हणून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोन बदलायचा विचार असेल तर आधी चॅटचा बॅकअप घ्या. 'घर बरं आहे, चावी मिळाली' असा काकांचा एखादा मेसेज सापडला तर तो सोन्याचा आहे.

पैशांचा पुरावा करारातच असतो. ऑनलाइन नोंदणीत मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरतात, म्हणजे डिपॉझिटचा आकडा नोंदलेला असतो. कोणी म्हणालं की 'डिपॉझिट चाळीसच होतं', तर नोंदणीकृत प्रत पुढे करायची. करार नोंदलेलाच नसेल तर घाबरू नका. 1999 च्या कायद्याचं कलम 55 म्हणतं की नोंदणी करून घेणं मालकाची जबाबदारी, आणि ती नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड आहे. हे काकांना पहिल्या पत्रात सांगू नका, दुसऱ्यासाठी ठेवा.

15 दिवसांत उत्तर नाही आलं तर ज्या एजंटाने घर दाखवलं त्याला मध्ये घाला. त्याला पुढचा भाडेकरू त्याच मालकाला द्यायचा असतो, त्याचा शब्द नाशकात अजून चालतो. तरीही नाही जमलं तर वकिलाची नोटीस. पूर्वी 'रजिस्टर एडी करा' म्हणायचो, पण 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच मिळाल्याचा पुरावा मागून घ्या.

पोलिसांत जाऊ नका, ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. ग्राहक आयोगातही साध्या घरमालकाविरुद्ध वेळ जाण्यापलीकडे फारसं होत नाही. भाडे कायद्यातला सक्षम प्राधिकारी मालकाने घर रिकामं करून मागितलं तर त्यासाठी आहे, तुमच्या डिपॉझिटसाठी नाही.

तुमच्या कामाचं ठिकाण म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सीबीएस बस स्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात. तिथे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. दावा न लावताच समोरच्याला बोलावणं जातं आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याइतकाच अधिकार असतो, वर अपील नाही. शिवाय 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे फार कमी जणींना माहीत असतं. अडचण एकच, समोरचा आला तरच तडजोड.

दावा तीन वर्षांत लावता येतो, पण तो इथे नाशकातच, पुण्याहून येऊन. तारखा, रजा, बसभाडं धरलं तर दहा हजारांच्या खालच्या रकमेसाठी मी कोर्टात जाणार नाही. तुमच्या बाबतीत भिंत आणि चिमणी सोडून साधारण 18,000 ते 19,000 तरी परत यायला हवेत असं मला वाटतं. एवढ्यासाठी नोटीस आणि प्राधिकरणाचा अर्ज करण्यासारखा आहे. काका फोन करून '10,000 देतो, मिटवून टाका' म्हणाले तर घ्यायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. घेतले तर रोख नको, खात्यावर घ्या. आणि 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' असा मेसेज त्यांनी मागितला तर तो मन भरल्याशिवाय टाकू नका. 'आज अमुक रक्कम मिळाली' एवढंच लिहा.