अमेरिकेत शाळकरी मुली बास्केटबॉलपेक्षा व्हॉलीबॉलकडे जास्त का वळतायत?

माझ्या मते पहिलं कारण म्हणजे नेट. मध्ये जाळी असल्यामुळे समोरच्या टीमची धक्काबुक्की नाही, त्यामुळे आईवडील पटकन हो म्हणतात. आणि उंची नसली तरी जागा मिळते: वेगळ्या रंगाची जर्सी घातलेली लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारी खेळाडू बघा. ती नेटवर स्मॅश मारत नाही. मागे राहून, गुडघ्याला पॅड बांधून, जमिनीला टेकत आलेला बॉल उचलते. बुटक्या पण चपळ मुलींची तिथे चंगळ असते.

बाकी पाया १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याचा. शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळाला समान संधी द्यावी लागली, मग कॉलेजच्या स्कॉलरशिपही आल्या. आता हायस्कूलमध्ये साडेचार लाखांहून जास्त मुली व्हॉलीबॉल खेळतात, बास्केटबॉल मागे पडलंय. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींची मॅच फुटबॉल स्टेडियममध्ये भरवली, तर ९२,००३ लोक आले! व्हॉलीबॉलला, तेही कॉलेजच्या!

फक्त शाळेबाहेरच्या खासगी क्लबमध्ये खेळायचं असेल तर फी बघून घ्या. प्रवास, हॉटेल धरून वर्षाला हजारो डॉलर सहज जातात. निव्वळ स्कॉलरशिपच्या आशेवर एवढा खर्च करणं मला तरी पटत नाही. शाळेची टीम आधी बघा.