कोच नवा, कॅप्टन नवा आणि मे महिन्यात पुन्हा तीच सातवी मॅच

२०२५ चा सीझन संपल्यावर आलेल्या यावेळच्या पत्रांत टोरंटो मेपल लीफ्स या आईस हॉकी टीमचाच विषय जास्त आहे. कॅनडातल्या मराठी घरांतून आलीत तशी इकडून तिकडे जाऊन आलेल्या आईवडिलांचीही आलीत. म्हणून हा अख्खा कॉलम त्यांनाच, बाकीच्या खेळांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोथरूडला राहतो, एप्रिल-मे मुलाकडे मिसिसागाला होतो. नातवामुळे आईस हॉकी बघायला लागलो आणि चांगलीच गोडी लागली. टीम पहिली आली म्हणून मेच्या सुरुवातीला लोक गाड्यांना निळे झेंडे लावून फिरत होते आणि १८ मेनंतर तेच लोक म्हणायला लागले की सीझन पाण्यात गेला, नवीन कोचलाही काही जमलं नाही. ८२ मॅच खेळून पहिली आलेली टीम एका रात्रीत नापास कशी होते?

उत्तर : काका, नापास झालेली नाही हे माझं ठाम मत आहे, पण लोक असं का बोलतात तेही समजून घ्यायला हवं. लीफ्सनी शेवटचा स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएल लीगचं विजेतेपद, जिंकला १९६७ साली, त्यानंतर फायनलचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही, आणि हे गाव हॉकीवर जगणारं आहे. त्यात गेल्या बारा वर्षांचा हिशोब बघा, २०१३, २०१८, २०१९, २०२१, २०२२ आणि २०२४, या प्रत्येक वर्षी प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, मालिका शेवटच्या, सातव्या मॅचपर्यंत गेली आणि प्रत्येक वेळी सातवी मॅच हरले. २०२४ ला बोस्टनकडून ओव्हरटाइममध्ये हरल्यावर कोच शेल्डन कीफला काढलं. त्याच्या साडेचार वर्षांत टीम दर सीझनला भरपूर मॅच जिंकायची पण प्लेऑफची मालिका एकच जिंकली, २०२३ ला टॅम्पाविरुद्ध. त्याच्या जागी १७ मे २०२४ ला क्रेग बरूबीला आणलं आणि ऑगस्टमध्ये कॅप्टनपण बदलला, जॉन टवॅरेसच्या जागी ऑस्टन मॅथ्यूज.

मग २०२४-२५ चा सीझन कसा गेला तर ५२ मॅच जिंकल्या, २६ हरल्या, ४ जादा वेळेत हरल्या, एकूण १०८ पॉइंट आणि अटलांटिक डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगमधल्या त्यांच्या गटात, पहिला नंबर. पूर्ण ८२ मॅचच्या सीझनमध्ये डिव्हिजन जिंकायची ही १९९९-२००० नंतरची पहिली वेळ, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाच्या लोकांनी शाळेत असताना बघितलेली गोष्ट. पहिल्या फेरीत ओटावाला ४-२ नं हरवलं. तिथेही ३-० पुढे असताना पुढच्या दोन मॅच घालवल्या तेव्हा सगळ्या शहराला धडकी भरली होती, पण सहावी मॅच ओटावात जाऊन ४-२ नं काढली आणि शेवटाकडे निर्णायक गोल पॅचरेटीनं मारला. जुन्या लीफ्सनी ती मॅच घालवली असती असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग आली फ्लोरिडा पँथर्स, ९८ पॉइंट घेऊन डिव्हिजनमध्ये तिसरी, पण आदल्या वर्षीची चॅम्पियन. लीफ्सनी घरच्या दोन्ही मॅच जिंकल्या, ५-४ आणि ४-३. तिसरी मॅच फ्लोरिडात, सुरुवातीला २-० पुढे आणि शेवटी ओव्हरटाइममध्ये ब्रॅड मार्शंडनं गोल करून ५-४ नं काढून घेतली. माझ्या मते मालिका तिथेच फिरली. हा मार्शंड कोण, तर बोस्टनमध्ये असताना चार वेळा याच लीफ्सना सातव्या मॅचमध्ये घरी पाठवणारा माणूस, मार्चमध्ये तो फ्लोरिडाकडे आला आणि पाचव्यांदा तेच केलं. पुढे २-० हरले, घरी ६-१ हरले तेव्हा लोकांनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या, मग सहावी मॅच फ्लोरिडात जाऊन २-० जिंकली, मॅथ्यूजचा गोल, गोलकीपर जोसेफ वॉलनं एकही गोल होऊ दिला नाही, सगळ्यांच्या आशा परत वर, आणि १८ मेला सातवी मॅच घरच्या मैदानावर पुन्हा ६-१. तुम्ही जे रडके चेहरे बघितले ते ह्या ६-१ चे होते काका, त्यात त्या आधीच्या सहा वर्षांचं रडणंही होतं. त्यातलं बरूबीच्या माथ्यावर फक्त ह्या वर्षीचं टाका. ज्या फ्लोरिडानं हरवलं तिनं पुढे जाऊन सलग दुसरा कप जिंकला आणि त्या वाटेवर तिला सात मॅच खेळायला लावणारी टीम टोरंटोचीच होती.

प्रश्न : मी ब्रॅम्प्टनला असते, नवऱ्याबरोबर मॅच बघते. तो म्हणतो कोच नुसता बाकामागे हाताची घडी घालून उभा असतो, खेळतात ते खेळाडूच, मग कोच बदलून असा काय फरक पडतो? बरूबीनं नेमकं बदललं काय?

उत्तर : पुढच्या वेळी टीव्हीवर पककडे, म्हणजे त्या रबराच्या चकतीकडे, बघू नका, कॅमेरा बाकाकडे जाईल तेव्हा तिकडे बघा. मॅचला गोलकीपर सोडून १८ खेळाडू असतात, पुढचे तिघातिघांच्या चार लाइन आणि मागचे दोघादोघांच्या तीन जोड्या. एक लाइन साधारण पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग करते आणि बाकावर येते, तेवढ्यात दुसरी कठड्यावरून उडी मारून आत. खेळ चालू असतानाच हे होत असतं, कोणी शिट्टी वाजवून थांबवत नाही. कोणती लाइन कधी आणि समोरच्या कोणत्या लाइनविरुद्ध सोडायची हे मागे उभा असलेला कोच पुकारतो. खेळ थांबलेला असेल तर शेवटचा बदल करायचा हक्क घरच्या टीमला असतो, म्हणजे पाहुण्यांनी कोण पाठवलंय ते बघून आपला माणूस पाठवायचा. चूक झाली तर त्यांच्या सगळ्यात भारी लाइनसमोर तुमची चौथी लाइन दमलेल्या पायांनी अडकते आणि बरेच गोल असेच होतात. तुमच्या यजमानांना सांगा, त्या घडी घातलेल्या हातांमागे साठ मिनिटं हा हिशोब चालू असतो.

आता बरूबीनं काय बदललं. कीफची टीम पक स्वतःकडे ठेवायची, पुढे वाट दिसली नाही की मागे वळायची, परत नवीन चाल बांधायची, बघायला फार सुंदर. बरूबीचं म्हणणं सरळ, समोर वाट नसेल तर पक त्यांच्या कोपऱ्यात टाका, दोघांनी धावत जाऊन काचेपाशी त्यांच्या डिफेन्सवाल्याला धडक द्या, काढून घ्या आणि गोलसमोर गर्दी करा. मेहनतीचा, अंगाला लागणारा खेळ आहे. जोडीला डिफेन्समध्ये ख्रिस टॅनेव्हसारखा माणूस आला, जो दगडासारखा येणारा पक स्वतःच्या पायांवर, बरगड्यांवर घेतो पण गोलपर्यंत जाऊ देत नाही, आणि गोलमध्ये अँथनी स्टोलार्झ आला, जो आदल्या वर्षी फ्लोरिडाचा राखीव गोलकीपर होता.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३-२४ मध्ये लीफ्सनी ३०३ गोल केले होते आणि २६३ खाल्ले होते. बरूबीच्या सीझनमध्ये केले २६८, खाल्ले २३१. म्हणजे ३५ गोल कमी करूनही पॉइंट १०२ वरून १०८ वर गेले. मॅथ्यूजचे गोल ६९ वरून ३३ झाले, त्यात तो दुखापतीनं पंधरा मॅच बाहेर होता हे धरायला हवं, पण हॉकी थोडी रुक्ष झाली हे मी मान्य करते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. ३-२ नं पुढे असताना शेवटची पाच मिनिटं छातीत धडधड न होता बघता आली, हे लीफ्सच्या चाहत्याला किती दिवसांनी मिळालं ते तुम्ही तिथं राहता म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

मग फ्लोरिडापुढे का कमी पडले? कारण हाच खेळ फ्लोरिडा तीन वर्षं खेळत होती आणि लीफ्स पहिलंच वर्ष. त्यात पहिल्याच मॅचमध्ये सॅम बेनेटच्या कोपराचा फटका स्टोलार्झच्या डोक्याला लागला आणि पुढची मालिका जोसेफ वॉलला सांभाळावी लागली. वॉल वाईट खेळला असं मी अजिबात म्हणणार नाही, सहावी मॅच त्याचीच होती. पण दोघांच्या जोडीवर उभा केलेला सीझन ऐन वेळी एकावर आला.

प्रश्न : मी नाशिकला कॉलेजात आहे, रात्री हायलाइट्स बघतो. क्रिकेटमध्ये कॅप्टन फील्ड लावतो, बॉलर बदलतो. हॉकीत हे सगळं कोच करतो तर मग कॅप्टनच्या जर्सीवरच्या त्या ‘C’ अक्षराला काय अर्थ आहे? आणि मॅथ्यूजला कॅप्टन करून फायदा झाला का?

उत्तर : मित्रा, नियमातलं काम एवढंच की नियमाच्या अर्थाबद्दल रेफ्रीशी बोलायचा अधिकार कॅप्टनला आणि त्याच्या उपकॅप्टननाच असतो. खरं काम ड्रेसिंग रूममधलं. नवीन पोराला सांभाळणं, ६-१ हरल्यावर पत्रकारांसमोर पहिलं उभं राहणं, कोच जे मागतोय ते आधी स्वतः करून दाखवणं. इथेच मला मॅथ्यूजचं कौतुक वाटतं, आदल्या वर्षी ६९ गोल मारणाऱ्या माणसानं मागे धावत येऊन बचाव करायला सुरुवात केली की तिसऱ्या लाइनच्या माणसाला कोचनं वेगळं सांगावं लागत नाही. तो अमेरिकेचा, ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला, आणि लीफ्सचा पहिला अमेरिकेत जन्मलेला कॅप्टन, त्यामुळे त्याच्यावर नजर जरा जास्तच कडक होती.

पण ह्या सीझनमधली माझी आवडती गोष्ट टवॅरेसची आहे. हा टोरंटोच्याच बाजूचा मुलगा, पाच वर्षं कॅप्टन होता, अशा माणसाकडून कॅप्टनपद काढून घेतलं की बरेच जण मनातून खेळ सोडतात, आपल्या क्रिकेटमध्येही पाहिलंय आपण. टवॅरेस मॅथ्यूजच्या घोषणेच्या कार्यक्रमात त्याच्याबरोबर हजर होता आणि मग २९ वरून ३८ गोलांवर गेला, चौतिसाव्या वर्षी. वर्षाला एक कोटी दहा लाख डॉलर घेणारा खेळाडू, सीझन संपल्यावर साधारण ४४ लाखांवर चार वर्षांचा करार करून इथेच राहिला. म्हणून कोणी विचारलं की कॅप्टन बदलून फायदा झाला का तर मी आधी जुन्या कॅप्टनकडे बोट दाखवते.

प्रश्न : मिच मार्नर गेला ते बरं झालं ना? मोठ्या मॅचमध्ये कधी चाललाच नाही. – एक वाचक, मार्कहॅम

उत्तर : नाही, बरं झालं नाही. सीझनमध्ये गोल आणि असिस्ट मिळून १०२ पॉइंट काढणारा, समोरच्याला जादा माणूस मिळालेला असताना बचावालाही उतरणारा, तुमच्याच मार्कहॅममध्ये जन्मलेला खेळाडू गेलाय. सातव्या मॅचमध्ये तो दिसला नाही हे खरं, पण त्या रात्री कोण दिसलं ते सांगा बघू. जून संपता संपता तो वेगासला गेला, आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर, आणि बदल्यात निकोलस रॉय आला. रॉय चांगला, धट्टाकट्टा सेंटर आहे आणि बरूबीच्या खेळाला शोभणारा आहे, पण मार्नरची जागा एका माणसानं भरत नाही. त्याला आणि त्याच्या घरच्यांना शहरातल्या काही लोकांनी जे बोललं ते मला अजिबात पटलेलं नाही.

प्रश्न : प्रेसिडेंट ब्रेंडन शॅनहनला अकरा वर्षांनंतर जाऊ दिलं, मार्नर गेला, आता पुढच्या वर्षी जमलं नाही तर बरूबीलाही काढणार का? नवीन कोचला किती वेळ द्यावा असं तुम्हाला वाटतं? – ठाण्याहून एक वाचक, मुलगी टोरंटोत

उत्तर : ह्याचं उत्तर मी फ्लोरिडाकडे बघून देते. २०२१-२२ मध्ये त्यांचे १२२ पॉइंट होते, अख्ख्या लीगमध्ये पहिले, तरी दुसऱ्या फेरीत चार सरळ मॅचमध्ये बाहेर. त्यांनी कोच बदलला, पॉल मॉरिस आला आणि पहिल्याच वर्षी पॉइंट घसरून ९२ झाले, प्लेऑफला कसेबसे पोचले. तेव्हा त्यांचेही लोक ओरडत होते. पण खेळायची पद्धत बदलली होती, त्याच वर्षी फायनलला गेले, हरले, आणि पुढची दोन्ही वर्षं कप घेऊन आले.

बरूबीनं स्वतः हे फार कमी वेळात करून दाखवलंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये सेंट लुईस ब्लूजनी त्याला मधूनच हंगामी कोच केलं. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला ती टीम ३१ टीमच्या लीगमध्ये शेवटची होती आणि १२ जूनला बोस्टनमध्ये सातवी मॅच ४-१ नं जिंकून त्यांनी क्लबच्या इतिहासातला पहिला कप उचलला. पण तिथे एक गोष्ट जमून आली होती, जॉर्डन बिनिंग्टन नावाचा कोणाला फारसा माहीत नसलेला गोलकीपर जानेवारीत आला आणि भिंतीसारखा उभा राहिला. तसं दर वेळी होत नाही आणि टोरंटोनं त्या एका वर्षावरून बरूबीला मोजू नये.

माझं विचाराल तर निदान तीन सीझन. आणि पुढच्या सीझनला पॉइंट १०८ वरून खाली आले तर लगेच ओरडू नका, मार्नर गेल्यावर ते येणारच असं धरून चाला. तुमच्या मुलीला सांगा, ऑक्टोबरमध्ये दोन गोष्टींवर लक्ष ठेव. मॅथ्यूजच्या उजव्या बाजूला मार्नरच्या जागी कोण खेळतोय, आणि टीमचा एक माणूस पेनल्टीत बाहेर बसलेला असताना पहिल्यांदा कोणते दोन फॉरवर्ड आत जातायत. मागची कित्येक वर्षं त्या दोघांत एक मार्नर असायचा.