प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतात स्त्रिया इतक्या कमी का दिसतात?

‘दिसतात’ हा शब्द आपण नेमका वापरला आहे, कारण काम करणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांची नावे संगीताच्या खाली न छापता तंत्राच्या खाली छापली गेली, किंवा छापलीच गेली नाहीत.

बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप हा कार्यक्रमांसाठी यंत्रांवर नवे नाद आणि संगीत घडवणारा विभाग १९५८ मध्ये सुरू झाला, तो डॅफ्नी ओरॅम यांनी लावून धरल्यामुळे. तिथेच १९६३ मध्ये डीलिया डर्बीशर यांनी ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथा-मालिकेचे शीर्षकसंगीत घडवले. चाल रॉन ग्रेनर यांची. पण एकेक स्वर ऑसिलेटरवरून (विजेवर सलग स्वर काढणारे उपकरण) आणि छेडलेल्या तारेवरून टेपवर घेऊन, कापून, जोडून उभा केला तो डर्बीशर यांनी. त्यांनाही श्रेय मिळावे असे खुद्द ग्रेनर यांचे म्हणणे होते, ते नियमांत बसले नाही. पडद्यावर डर्बीशर यांचे नाव यायला २०१३ उजाडले. तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती.

हे मला झोंबते, कारण महाविद्यालयात एका एकांकिकेसाठी मी घरचे तांब्याचे घंगाळ, लाटण्याला फडके गुंडाळून, स्पूल टेपवर वाजवून घेतले होते. अर्ध्या वेगाने ऐकल्यावर तो नाद बरोबर एक सप्तक खाली उतरला आणि विहिरीतून यावा तसा घुमू लागला. साडेसात इंच टेप म्हणजे एक सेकंद, या हिशेबाने तीन रात्री दाढीच्या ब्लेडने तिरके काप देत (सरळ कापले तर सांध्यावर ‘टक्’ होते) मी चार मिनिटांचा पट जुळवला. एका सहकाऱ्याने त्यावर पेटीचे आठ सूर वाजवले. पत्रिकेत संगीत त्याचे आणि ‘ध्वनी साहाय्य’ माझे! पुढे तो माझा दीर झाला, त्यामुळे ‘चाल ज्याची, संगीत त्याचे’ हे त्याचे मत मला दर दिवाळीला ऐकावे लागते. ज्या संगीतात नाद हीच रचना असते, तिथे हे मत शुद्ध अडाणीपणाचे आहे.

अर्थात सगळा दोष श्रेयनामावलीवर ढकलता येत नाही. डर्बीशर यांना डेक्का या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने ध्वनिमुद्रण-कक्षात स्त्रिया घेत नसल्याचे सांगून परत पाठवले होते. आणि दार उघडे असले की काय होते तेही दिसते, कारण १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर (विजेवर नाद घडवणारे यंत्र) आला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या मोजक्या भारतीयांत पखवाज शिकलेल्या गीता साराभाई होत्या.

आपण स्वतः या वाटेला जाणार असाल, तर कोणते यंत्र घ्यावे हे नंतर पाहा. आधी पत्रिकेचे मुद्रित स्वतः तपासा आणि ‘साहाय्य’ दिसले की खोडा. घंगाळ अजून माझ्याकडे आहे. पेटी त्याने केव्हाच विकली.